क्वार्टरच्या भिंतीतला खिळा

आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरात कॅलेंडर अजून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं आहे. वारा आला की ते फडफडतं आणि मला नेपानगरचं क्वार्टर आठवतं. वडील तिथे कागदाच्या गिरणीत होते. दोन खोल्या, पुढे ओटा, पाळी बदलली की भोंगा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हा आईचा दंडक. क्वार्टर एक दिवस सोडायचं असतं, आणि घेतली तशी भिंत परत द्यायची असते. त्यामुळे आमचे देव कोनाड्यात, आरसा फळीवर आणि माझ्या बक्षिसाची फ्रेम पेटीत.

लहानपणी मला ‘क्वार्टर’ हा शब्द मराठीच वाटायचा. पुढे मास्तर झालो तेव्हा शब्दकोशात त्याचं लॅटिन मूळ सापडलं: चौथा. त्या चौथ्याने केवढा संसार मांडलाय! घड्याळातला पाव तास, हिशेबातली तिमाही, चिवड्याची छोटी प्लेट, क्रिकेटची क्वार्टर फायनल, आणि पगाराच्या संध्याकाळी शेजारच्या काकांच्या खिशात असायची तीही. लढाईत शरण आलेल्याला दिलेलं जीवदान, तेही क्वार्टरच. आईपुरता मात्र अर्थ एकच होता, आपलं नसलेलं घर.

वडील निवृत्त झाले आणि आम्ही इथे घर बांधलं. आई आली ती दंडक घेऊनच.

“अगं, हे आपलं स्वतःचं घर आहे,” मी म्हणायचो.

“मालूम हाय मले. पन भिंत काहाले खराब करतो?”

वडील हसायचे. “राहू दे. तिले अजून भोंगा ऐकू येतो.”

मला मात्र राग यायचा. बाईने सगळा जन्म पाहुण्यासारखा काढला, आता स्वतःच्या घरातही तेच? तिने एक खिळा ठोकू द्यावा, एवढंच मला हवं होतं.

गेल्या वर्षी वडील गेले. त्यांचा फोटो कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला होता, तो पंख्याच्या वाऱ्याने सारखा पालथा पडायचा. एका सकाळी आईने हातोडी माझ्यापुढे ठेवली.

“ठोक.”

“आणि घर सोडताना?” मी चेष्टेने विचारलं.

“आता कोन सोडनार हाय? सोडनारे गेले सोडून.”

मी खिळा ठोकला. थोडा गिलावा उडाला, तो तिने पदरानेच टिपून घेतला. मग लांब उभी राहून फोटो सरळ आहे का ते पाहत राहिली. मला हवा होता तो खिळा अखेर भिंतीत बसला. फक्त तो वडील असताना बसायला हवा होता.

कॅलेंडरला मात्र मी हात लावलेला नाही. ते गजालाच आहे.