आधी हसणारी

"हे पाह्य, हासली पुना. आता हासासारखं काय झालं गा?"

राजाचं काम करणाऱ्याने बांबूची तलवार जमिनीला टेकवून तक्रार केली. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. त्याची तालीम रोज दुपारी आमच्या घरमालकिणीच्या सायवानात, घरापुढच्या छपरीत, चाले. मी लगतच्या खोलीत, खिडकीपाशी, पुस्तक उघडं धरून बसलेली असे. पान उलटायचं मात्र राहून जाई.

"तिले काय समजते," दुसरा म्हणाला. "वारा आला तरी हासते थे. तू आपलं भाषन बोल."

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती चार हातांवर भाताच्या तणसाच्या ढिगाला टेकून बसली होती. घरमालकिणीची मुलगी, माझ्याच वयाची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. गावातही ते कोणी घेत नसे. गाव तिला हासनी म्हणे.

तिचं हसणं साधं नव्हतं. आधी हनुवटी वर जाई. मग कोणी दोरीने ओढल्यासारखा उजवा हात बाजूला ताणला जाई, मान त्याच बाजूला वळे, तोंड उघडं राही, आणि त्यानंतर कुठे आवाज फुटे. आपल्याला हसू येतं ते ओठांवरच येतं. तिचं हसू सगळ्या अंगातून वळसा घालून येई. नवीन माणूस ते पाहून मागे सरके. मीही पहिल्या दिवशी सरकले होते.

माझे वडील जंगलखात्यात रेंजर होते. चिमूरच्या पलीकडच्या त्या गावी त्यांची बदली झाली, तेव्हा मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी आले होते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा होई, आणि गावात माझ्या पुस्तकी मराठीला बायका पदर तोंडाला लावून हसत. मग मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. गावाच्या मते त्या अंगणात दोन मुक्या होत्या, एक घरमालकिणीची आणि एक रेंजरसाहेबाची.

मुक्या माणसाला बघायला वेळ मिळतो. नाटकात एक जागा अशी होती. सेवक धावत येतो आणि सांगतो, "महाराज, शत्रू आला." राजा विचारतो, "किती आहेत?" सेवक म्हणतो, "मोजायला थांबलो असतो, महाराज, तर मीच आलो नसतो." ती राजाच्या प्रश्नालाच हसायला लागे. सेवकाने तोंड उघडायच्या आत तिची हनुवटी वर गेलेली असे. म्हणून राजा चिडे. विनोद व्हायच्या आधी हसते, म्हणजे वेडीच, असं सगळ्यांना वाटे.

मला ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी उमगलं. तिला पुढचं वाक्य पाठ होतं. आणि आपलं हसू पोचायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं, म्हणून ती थोडी आधी निघत होती.

एकदा सेवक नेमका तिथेच अडला. "किती आहेत?" राजाने विचारलं, आणि सेवकाला काही आठवेना. पुस्तक धरून बसणारा मास्तर पाणी प्यायला विहिरीकडे गेला होता. तणसापाशी खळबळ झाली. तिचा हात ताणला गेला, मान वळली, आणि घशातून "म्... मो... ज्..." असं काहीतरी यायला लागलं. सगळे हसले. "शत्रू इथीच हाये," कोणी म्हणालं. मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं होतं. ती त्याला त्याचा शब्द देत होती. मी तो शब्द मोठ्याने म्हटला असता तर काय बिघडलं असतं? मी पुस्तक मिटलं आणि आत गेले.

तिचा एक शब्द मात्र घरात सगळ्यांना कळत होता. "थाम." म्हणजे थांब. तो उच्चारायलाही तिला जीभ दातांपाशी न्यावी लागे, श्वास गोळा करावा लागे. आई भरवताना घाई झाली की "थाम". भाऊ उचलायला आला की "थाम". अंगणातल्या मांजरालासुद्धा "थाम". सगळ्यात जास्त वेळा ती हा शब्द बोलायला येणाऱ्यांना म्हणे. लोक तिला एकदम तीन प्रश्न विचारत. तहान लागली का, ऊन लागतं का, आत नेऊ का? आणि पहिल्याचं उत्तर तिच्या घशापर्यंत येईतो निघूनही जात. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. आपण त्याच्याशी मोठ्याने बोलतो, फार गोड बोलतो, आणि थांबत मात्र नाही.

तिची आई थांबे. भात आणि लाखोरीच्या डाळीचा घास बोटांनी मऊ करून ती लेकीच्या तोंडाशी नेई आणि ओठ मिटेपर्यंत हात तसाच धरून ठेवी. एका जेवणाला तास जाई. मी एकदा पाहत उभी होते, तेव्हा ती आपणहून सांगायला लागली.

"जन्मली तवा रडलीच नाई हे. सुईनीनं पाय धरून उलटी केली, पाठीवर मारलं, थंड पान्यात बुडवलं. लय येळानं रडली. तवापासून हिचं सारंच येळानं."

पुढे कितीतरी वर्षांनी मी एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात, मुलांच्या विभागात, पत्रं लिहिण्याच्या कामाला लागले. तिथे अशी मुलं रोज येत. आजाराचं नाव सेरेब्रल पाल्सी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं की जन्माच्या वेळी श्वास कोंडला तर मेंदूतला हालचाली चालवणारा भाग दुखावू शकतो. मग स्नायू ऐकत नाहीत. भीती वाटली की आणखी ताठरतात. काही मुलांची समजही दुखावलेली असते, काहींची पुरती शाबूत असते, आणि नुसतं बघून ते कळत नाही. "विचारायचं आणि थांबायचं," त्या म्हणाल्या. "दुसरी तपासणी नाही." मी मान हलवली. तिचं सारंच वेळाने होतं, हे तिच्या आईने मला तेव्हाच सांगितलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

तिचा भाऊ वाईट होता असं समजू नका. वडील गेल्यापासून शेत तोच पाहत होता. तालमीच्या वेळी रोज तोच तिला दोन हातांवर उचलून सायवानात आणी, तणस नीट रचून पाठीला आधार करून देई. पण त्याच्या लग्नासाठी पाहुणे आले आणि तिला पाहून चहा न पिता उठले, असं तीनदा झालं. घरात बाहेरची बाधा आहे अशी कुजबुज पसरली. तो आईला म्हणाला ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"तू गेल्यावर हिले कोन पाह्यल? आनि घरात बायकोच आली नाई, तर तुले कोन पाह्यल?"

शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरलं.

त्यासाठी डॉक्टरचा कागद लागतो. शेजारच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात दर बुधवारी एक दौऱ्यावरचा डॉक्टर येई. तो परप्रांतातला होता, त्याला मराठी येत नव्हतं. भाऊ माझ्या वडिलांकडे आला आणि वडिलांनी मला जायला सांगितलं. इंग्रजी शिकवलंय ते कशाला, असं ते हसत म्हणाले.

दवाखान्याच्या ओसरीवर तिला बाकावर बसवलं. पाठीला तणस नव्हतं. औषधांचा वास, अनोळखी माणसं, आई मागे अंगणात थांबवलेली. तिचं अंग फळीसारखं झालं. डॉक्टरने मला सांगितलं, तिला नाव विचार, हात वर करायला सांग. मी विचारलं, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नसेल. तिने उचलू पाहिलेला हात पाठीमागे गेला आणि दुसरा भलतीकडे जाऊन दौतीवर आपटला. शाई सांडली. डॉक्टर रागावला नाही. त्याने रुमालाने टेबल पुसलं आणि कागदावर लिहायला लागला. समोर उभं राहून मला उलटा शब्द वाचता आला. इडियट. तेव्हा डॉक्टर लोक तो शब्द कागदावर सरळ लिहीत. आम्ही शाळेत तो एकमेकींना देत असू. वर्गात उत्तर येत असून उभी राहत नसे म्हणून मला तो जास्तच मिळाला होता.

तेवढ्यात ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थ्... थाम."

डॉक्टरने लेखणी खाली ठेवली. ती काही बोलली का, असं त्याने मला विचारलं. तुम्ही एकाच घरात राहता, तुम्हाला काय वाटतं, हिला बोललेलं समजतं का? विचारून तो खरोखर थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक मला आठवतो. मागे तिचा भाऊ उभा होता. दुसऱ्याच्या घरचा मामला, अनोळखी पुरुष, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. सेवकाचं ते वाक्य सांगायचं आणि तिला हसताना दाखवायचं, इतकंच करायचं होतं.

"मला सांगता येत नाही," असं मी इंग्रजीत म्हणाले. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होतं.

डॉक्टरने लेखणी उचलली.

परतताना तिच्या आईने मला विचारलं, काय बोलला डॉक्टर. मी म्हटलं, काही विशेष नाही.

आठ दिवसांनी भावाने बैलगाडीत तणस पसरलं, त्यावर आईची वाकळ घातली आणि तिला नागभीड स्टेशनवर नेलं. गाडी वळली तेव्हा तिची मान माझ्या खिडकीकडे होती. पण तिची मान नेहमीच त्या बाजूला वळे, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दुपारीही तालीम झाली. "महाराज, शत्रू आला," सेवक म्हणाला. "किती आहेत?" राजाने विचारलं, आणि थांबला. त्याने तणसाकडे पाहिलं. तिथे तिच्या पाठीची खळगी तशीच होती. सेवकानेही तिकडेच पाहिलं. मग मास्तराने पुस्तकातून वाक्य वाचलं, आणि कोणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस संपताना तार आली. तापाने गेली. भाऊ जाऊन आला, तिकडेच सगळं उरकून. त्याचं लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यात झालं. सून चांगली होती.

लग्नाच्या थोडं आधी इस्पितळातून एक इंग्रजी पत्र आलं. तिची आई ते घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मांडीवर सूप होतं, तांदूळ पाखडणं थांबलेलं नव्हतं. "वाच पोरी," ती म्हणाली.

मी वाचलं आणि मराठीत सांगू लागले. तिची एक बांगडी त्यांच्याकडे राहिली होती. शेवटपर्यंत ती एकाच माणसाला हाक मारत होती, असं तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी लिहिलं होतं. त्याचं नाव थाम असावं. तो नवरा किंवा भाऊ असेल तर कळवावं, म्हणजे बांगडी त्याच्याकडे पाठवता येईल.

"थाम?" आई म्हणाली. मग ती हसली, अगदी थोडं. "मानसाचं नाव समजले वो ते."

सुपातले हात थांबले.

"इतके दिस म्हनत राह्यली माही पोरगी," ती तांदळाकडे बघत म्हणाली, "आनि एकही मानूस थांबला नाई."

पत्र माझ्या हातात होतं. मला आत जाता आलं असतं. खिडकी होती, पुस्तक होतं.

"एक जण थांबला होता, बाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "त्या बुधवारी ती थाम म्हणाली, आणि डॉक्टरने लेखणी खाली ठेवली. हिला समजतं का, असं त्याने मला विचारलं. मला सांगता येत होतं. मी सांगितलं नाही."