व्याही कुजबुजले तेव्हा

फेब्रुवारीतला शेवटचा सोमवार. हजर: माझी दोन वर्षांची नात, अंगभर कांजण्यांसकट, तिची आई, म्हणजे माहेरपणाला आलेली माझी लेक, झोप न झाल्यानं अर्धीच हजर, मी, आणि आमचे व्याही, न बोलावता. गैरहजर: जावई, कंपनीच्या कामानं बाहेरगावी.

आमच्या व्याह्यांच्या आवाजाला अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात जोड नाही. एसटीत ड्रायव्हर होते. हॉर्न बंद पडलेली गाडी हटकून त्यांनाच द्यायचे म्हणतात, कारण खिडकीतून डोकं काढून त्यांनी एक हाक दिली की उसाच्या ट्रॉल्यासुद्धा रस्ता सोडायच्या. मोबाईल ते कानाला लावत नाहीत. हातभर लांब धरतात आणि आपल्या गावाच्या, शिरोळच्या दिशेला तोंड करून बोलतात. मग मध्ये फोन कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. लेकीच्या लग्नात मला बाजूला घेऊन त्यांनी एक गुपित सांगितलं होतं: "विहीणबाई, जिलेबी कमी पडतीया, कुणाला कळू देऊ नका." पंगतीतल्या अगदी शेवटच्या माणसानं उचललेली जिलेबी हळूच परत ठेवली. नोकरीच्या काळात ते आमच्याच शिवाजी पेठेत खोली करून राहायचे, तिथं फुटबॉलचा नाद लागला तो लागलाच. मॅचला गेले की प्रेक्षकांत बसून, कुणी न सांगता, कॉमेंट्री सुरू. दोन्ही संघांचे समर्थक एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण 'ह्या पावण्यांना पलीकडं बसवा' यावर त्यांचं एकमत असतं.

मी दारातच त्यांना अडवलं. दुखण्याच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे प्रश्न मी ठरवून ठेवले होते.

"पावणं, आधी सांगा. लहानपणी कांजण्या झाल्यात का?"

"व्हय की. तीनदा!"

"अहो, एकदा झाल्या की सहसा परत होत नाहीत."

"आमच्यात होत्यात," असं म्हणून ते आत शिरलेसुद्धा.

आणि शिरताक्षणी गप्प झाले. कारण त्यांच्या घरचा रिवाज कडक. कांजण्या म्हणजे घरात देवी आलेली. फोडणीचा वास नको, भांडण नको आणि कुणी आवाज चढवायचा नाही. माझं सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चाललं होतं: नखं कापणे, सुती झबली, खाजेवर लोशन. उशाशी कडुलिंबाचा डहाळा मात्र त्यांनी आणून ठेवला, त्याला माझी हरकत नव्हती. पण माणसानं रिवाज पाळावा तरी किती! कोल्हापुरी चपला करकर वाजतात म्हणून जिन्यातच काढल्या. चहा हवा की नको ते बोटांनी सांगू लागले. शिंक आली तेव्हा नाक दाबून तीन मजले उतरले आणि थेट रस्त्यावर जाऊन शिंकले. समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं.

हसायला कुणाला सवड नव्हती. पोरीच्या तोंडात आणि घशात फोड आले होते. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, डायपर कोरडा होता. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं: संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दाखल करून सलाईन लावू. शहाळ्याचं पाणी झालं, गार पेज झाली, ताक झालं. चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटायची. लेक मोरीत जाऊन रडून आली. मी दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली.

दिवेलागणीला पोरीनं मान वळवली आणि व्याह्यांकडे बघत राहिली. हा एवढा मोठा माणूस तोंड मिटून बसलाय, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिचा ओठ थरथरला. "आबा, बोल," ती म्हणाली.

व्याही माझ्याकडे वळून कुजबुजले, "विहीणबाई, देवी हाय घरात. काय करू?"

"देवीचं मी बघते. तुम्ही बोला."

त्यांनी माझ्या हातातून पेजेची वाटी घेतली. आधी दबक्या आवाजात सुरुवात झाली. "बॉल वाटीतनं चमच्यात... चमचा निघाला, निघाला, नाकाला चकवून पुढं आला... गोलकीपर गप उभी हाय..." गोलकीपर आ वासून ऐकत होती. चमचा आत गेला. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, आणि गिळलं.

"गोऽऽऽल!"

खिडकीची काच थरथरली. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "कुणी मारला वो?"

"आमच्या नातीनं मारला! ये बघायला! न्हाय, येऊ नगंस, कांजण्या हायत!"

पोरगी फोडांनी भरलेल्या तोंडानं हसली आणि पुन्हा आ केला. मॅच बराच वेळ चालली. रात्री डायपर ओला झाला, तेव्हा आम्ही दोघी मायलेकींनी तो दागिना मिळाल्यासारखा बघितला. दाराशी भरून ठेवलेली पिशवी मी परत रिकामी केली.

खपल्या धरल्यावर व्याही गावी निघाले. भर दुपार, नात झोपलेली. चपला वाजून ती उठेल म्हणून ते आमच्या मोरीतली रबरी स्लीपर घालून शिरोळच्या एसटीत बसले.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या अंगावर फोड उठले. तीनदा झाल्याचं ते बोलणं कसलं होतं, हे तेव्हा उघड झालं. या वयात कांजण्या माणसाला लोळवतात, पण डॉक्टरांनी वेळेत औषध सुरू केलं आणि आता ताप उतरलाय. फक्त घसा बसलाय. काल फोन केला तेव्हा मला पहिल्यांदाच मोबाईल कानाला घट्ट दाबावा लागला.

"नातीसाठी खोटं बोललो, विहीणबाई. खरं सांगितलं असतं तर तुमी आत सोडलं असतं व्हय?"

"जिन्यातनंच परत पाठवलं असतं."

"मग?"

नातीनं फोन हिसकावला आणि त्यांच्याच चालीत ओरडली, "आबा, गोऽल!" पलीकडून भांड्याचा आवाज आला, मग एक घोट गिळल्याचा.

घर आता फार शांत असतं. नात त्यांच्या चपलांत पाय घालून करकर करत हिंडते, तेवढाच काय तो आवाज. माझ्या या महिन्याच्या कामांपैकी बाकी सगळी उरकली. त्यांच्या खपल्या धरल्या की नातीला घेऊन जायचं आणि चपला पोचत्या करायच्या, एवढं राहिलंय.