येळवशीला पडलेली भिंत

परवा येळवशीला आमच्या गल्लीच्या टोकाची भिंत पडली... आणि या वेळी भूकंप वगैरे काही झाला नव्हता!

लातूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. वेळा अमावस्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी अख्खं शहर रानात जेवायला जातं. कडब्याची खोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव, आणि मग मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील... शहरात चिटपाखरू दिसत नाही.

आता भिंतीची गोष्ट. आमची कॉलनी आणि मागची कॉलनी यांच्यामध्ये पूर्वी एक रान होतं आणि रानातून एक पायवाट. भूकंपानंतर दोन्हीकडची माणसं घरात झोपायला धजेनात, तेव्हा रानाच्या मालकाने उभी हायब्रीड ज्वारी कापून आम्हाला अंथरुणं टाकायला जागा करून दिली होती.

तिथेच मला गंगाधरराव भेटले. देगलूरचा माणूस, शाळेत गणित शिकवायचे, पण पाठ्यपुस्तकातल्या कविता सगळ्या तोंडपाठ! भेदरलेल्या लेकरांना आम्ही दोघं आळीपाळीने कविता म्हणून दाखवायचो.

जमिनीचं हलणं थांबलं, कविता काही थांबल्या नाहीत. पुढे रोज संध्याकाळी गंगाधरराव त्या पायवाटेने माझ्या ओट्यावर यायचे. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने पुढची उचलायची... अडला त्याने चहा पाजायचा. (चहा बहुतेक मीच पाजलाय.)

मग क्लासेसचे दिवस आले. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींनी लातूर फुलून गेलं. रानाचे प्लॉट पडले, तरी वाट तेवढी राहिली होती. दोन वर्षांपूर्वी मालकाच्या मुलाने, बालाजीने, शेवटच्या तुकड्यावर मुलींचं हॉस्टेल बांधलं आणि आमच्या बाजूने भिंत घातली... झालं.

शहर वाढलं की रस्ते वाढतात असं मला वाटायचं. वाढतात खरे... पण एकमेकांना ओळखेनासे होतात. बाजारपेठेतल्या आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन भेटतात, आणि आमच्या कॉलनीला आता एकच तोंड! हाकेच्या अंतरावरच्या गंगाधररावांकडे जायचं तर रिंगरोडला वळसा घाला.

त्यातच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवस आम्ही आपापल्या गच्चीवरून ओळी फेकून पाहिल्या. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंचा निरोप आला, "काका, पोरी अभ्यास करून राहिल्यात." तेही बंद झालं.

गंगाधरराव मात्र सुकत गेले. नांदेडचा मुलगा म्हणाला, बाबा, एकटे काय करता तिथे, इकडे या. ते हो म्हणाले. संक्रांत झाली की निघायचं. पुस्तकं खोक्यात गेली, सुतळीसुद्धा बांधून झाली.

मी तोंडाने "बरं होईल, नातवंडांत रमाल" म्हणत होतो... आणि माझा ओटा मला आत्ताच खायला उठला होता.

अशात परवाची येळवस. बालाजीने हॉस्टेलच्या मागच्या मोकळ्या तुकड्यात खोप उभारली आणि आम्हा बिनरानवाल्यांना जेवायला बोलावलं. भज्जीचा वास भिंतीवरून थेट माझ्या ओट्यावर, आणि मी मात्र ऑटो शोधत हिंडतोय! पोचलो तेव्हा गंगाधरराव खुर्ची टाकून बसलेच होते. म्हणाले, "या, आमच्या शेवटच्या येळवशीला." मला काही हसू आलं नाही.

बालाजीची आई कोंडाबाई देवणीकडे थोरल्या मुलाजवळ असतात. हॉस्टेल झाल्यापासून त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पूजा झाली. आता आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग पंगत. बालाजी पुढे, मागे त्या. फेरी भिंतीपाशी आली आणि कोंडाबाई थांबल्या.

"हितून वाट व्हती की रं. कुठं गेली?"

"माय, पोरींचं हॉस्टेल हाय. कुणीबी शिरायलंय म्हणून बंद केली."

"मग दार ठिवायचं. भित कशापायी?" माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे भाऊ मागच्याच घरचे न्हवं? कसे आले?"

"आटोनं," बालाजी पुटपुटला.

"शेजारून... आटोनं?" कोंडाबाईंना आधी हसूच आवरेना. मग त्यांचा आवाज बदलला. "आरं, तुझ्या बापानं रान इकलं. वाट न्हाई इकली."

आणि त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. फेरी पुरी झाल्याशिवाय घास नाही म्हणाल्या! इकडे भज्जी निवायला लागली, पोरी ताटं घेऊन ताटकळल्या. बालाजीने मिस्त्रीला फोन लावला, तर तो येळवशीला स्वतःच्या रानात आंबील पिऊन आडवा झालेला. म्हणाला, उद्या बघू.

शेवटी बालाजीने बाह्या सारल्या आणि पहार उचलली. पहिली वीट निखळली तशी पोरींनी टाळ्या वाजवल्या. माणूस जाईल एवढं भगदाड पडल्यावर कोंडाबाई उठल्या, त्यातून वाकून पलीकडे आमच्या गल्लीत आल्या, आंबील शिंपडली आणि परत आल्या. "हं, वाढा आता."

काल मिस्त्रीने चौकट बसवली. लोखंडी दार बनून यायचंय, रात्री त्याला कुलूप लागेल. हे मलाही पटतं, पोरींची जबाबदारी आहे.

काल संध्याकाळी त्या चौकटीतून काठी टेकत गंगाधरराव आले... ओट्यावर बसायच्या आधीच ओळ टाकली. मी अडलो. मुद्दाम नाही हो, खरंच अडलो, डोळ्यांत पाणी होतं.

चहा घेताना नांदेडहून मुलाचा फोन आला, गाडी कोणत्या तारखेला पाठवू म्हणून. गंगाधरराव म्हणाले, "अरे, आता कसा येऊ? वाट सुरू झाली ना!"

वाट बंद होती म्हणून माणूस निघाला होता. उघडली, तर थांबला... कोंडाबाई, तुमची आंबील अजून जिभेवर आहे.