अकरा कोयत्यांची शिरगणती

"अकरा कोयते हायेत, गुर्जी. लिवा."

मुकादम बाजेवरून उठलाही नाही. शिरगणतीला आलेले गुरुजी मोटारसायकलवरून उतरले नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून त्यांनी कागदावर आकडा टाकला. म्हणाले, "म्हणजे बावीस."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्याचं ठीक आहे, त्याचा धंदाच तो. पण सरकारी कागद घेऊन आलेला शिकलेला माणूसही तसंच मोजून निघाला होता.

मी आठ वर्षांची होते. कडेवर दीड महिन्याचा भाऊ, फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, आमच्या झोपडीत, जन्मलेला. मी पुढं झाले आणि विचारलं, "गुर्जी, अन् मी?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कोयता आहेस का?"

मुकादम हसला. मोळ्या बांधणारे हसले. माझा बापही हसला. मुकादम हसला म्हणून हसला, हे आता कळतं. तेव्हा नुसतं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते शेत श्रीरामपूरकडचं. पाटाचं पाणी, हिरवागार ऊस. आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडं, कोरडं ठक्क. दिवाळी सरली की घराला कुलूप आणि सगळं बिऱ्हाड उसाच्या फडात. तिकडं गावातही शिरगणती झाली. आमच्या दाराशी आले, कुलूप पाहिलं, बंद घर लिहिलं आणि पुढं गेले.

आठ दिवसांनी भाऊ तापानं गेला. शेताच्या बांधाला पुरला. हंगाम संपल्यावर आई गावी ग्रामपंचायतीत गेली. लेकराची नोंद करा म्हणाली. जन्म तिकडं झाला, तिकडं जा, असं सांगून तिला परत पाठवलं. तिकडं म्हणाले, तुम्ही बाहेरचे. त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. तो जन्मला आणि मेला, याचा एक कागद या देशात नाही. आई त्यावर कधी बोलली नाही. मी मात्र धुमसत राहिले.

शिकले. वसतिगृहात राहून, दुसऱ्यांची जुनी पुस्तकं वापरून शिकले. आता एका मोठ्या गावात शिक्षिका आहे. गाव वाढतंय, हद्द वाढतेय. यंदा नव्या हद्दीत किती माणसं राहतात, कुठली, काय बोलतात, काय काम करतात, याची पाहणी निघाली. मला एक भाग दिला. एका टोकाला बंगले, दुसऱ्या टोकाला बायपासच्या कडेला कोप्या.

बंगल्यांत चहा मिळाला. एका काकांनी अमेरिकेतल्या मुलाचं नाव लिहायला लावलं. सहा वर्षांत आलेला नाही. "त्याची खोली आहे ना वर," काका म्हणाले. मी लिहिलं. हुज्जत घातली नाही.

मग कोप्यांवर गेले. ऊन डोक्यावर, पाय दुखत होते. मुकादम समोर दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती कोयते?"

"चौदा," तो म्हणाला. मी लिहायला लागले. अठ्ठावीस.

शेजारी एक म्हातारी राखेनं भांडी घाशीत होती. मान वर न करता म्हणाली, "माज्यानं आता तोडनी व्हत न्हाई, बाई. मला धरायचं न्हाई का?"

माझा हात थांबला. मोटारसायकलवर बसलेले ते गुरुजी मीच होते. फरक एवढाच, की मला सगळं ठाऊक होतं. स्वतःची अशी किळस मला आधी कधी आली नव्हती.

मी तिथंच मातीत बसले. अठ्ठावीस खोडलं. आधी म्हातारीचं नाव लिहिलं, मग कोपी कोपी फिरून एकेकाचं. तान्ह्या पोरांचीसुद्धा. नाव ठेवलं नव्हतं तिथं आईचं नाव लिहून पुढं 'बाळ' लिहिलं. संध्याकाळपर्यंत एकसष्ट माणसं झाली.

कचेरीत पाहणीच्या साहेबांनी ते कागद बाजूला काढले. "बाई, ही माणसं चार महिन्यांनी नसतात. उगाच आकडा फुगतो." मी अमेरिकेतल्या मुलाचं विचारलं. ते म्हणाले, "त्यांचं घर आहे इथं." कोप्या वगळून नवा तक्ता केला आणि सहीसाठी माझ्यापुढं सरकवला.

मी सही केली नाही. म्हटलं, "एकसष्ट नावं आत घ्या, मग करते."

काही बदललं नाही. दुसऱ्या एका शिक्षकानं सही केली. मला नोटीस आली. गावाची लोकसंख्या ठरली, तिच्यात अमेरिकेतला मुलगा आहे, म्हातारी नाही. कोप्याही उठल्या. ती म्हातारी कुठं गेली, कुणाला विचारू? तिच्या गावात मोजणी होईल तेव्हाही कुलूपच मोजलं जाईल. पुढच्या खेपेलाही हेच होईल, याची मला खात्री आहे.

ती एकसष्ट नावं मी शाळेच्या वहीत उतरवून ठेवली आहेत. सगळ्यांत वर एक ओळ माझ्या आईच्या नावाची, पुढं 'बाळ'. त्या वहीला कुठल्याही कचेरीत किंमत नाही.

दिवाळीनंतर बायपासला पुन्हा कोप्या पडतील. मी वही घेऊन जाणार. कुणी पाठवलं नाही तरी जाणार. मुकादमाला काही विचारणार नाही.