बाबांनी आखलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात राग माझ्या नाकावर आणि मौन बाबांच्या ओठांवर, असं आई म्हणायची. स्वतःबद्दल ती काही म्हणायची नाही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खासगी बाजारातल्या आमच्या गल्लीला पक्कं ठाऊक होतं. मध्य प्रदेशातल्या एका जुन्या संस्थानी शहरातला हा मोहल्ला, तिथेच वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. बाबा सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. नकाशे आखणं हे त्यांचं काम.

मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं काढायचं ठरलं, तेव्हा नव्या सरहद्दीचे काही नकाशे बाबांच्या टेबलावरही आले. "लाल शाई जास्त लागली ह्या वेळी," एवढंच ते घरी येऊन बोलले. मग नव्या राज्यात कोणी जायचं त्याच्या याद्या निघाल्या, आणि पहिल्याच यादीत बाबांचं नाव. ज्या रेघेवर त्यांनी स्वतः शाई फिरवली तिच्या पलीकडे त्यांनाच जायचं होतं. मी घरात आदळआपट केली. बाबा म्हणाले, "अगं, आपल्या घराला हे नवीन थोडंच आहे? रियासत विलीन झाली तेव्हा माझ्या वडिलांची अख्खी पलटण विलीन झाली. सकाळी उठले तर टोपीवर बिल्ला दुसरा." आणि हात धुऊन जेवायला बसले.

पण मला रायपूरला जायचं नव्हतं. मी तेवीस वर्षांची होते, कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच संपवला होता, आणि बाजारातल्या एका छापखान्याच्या मालकांनी शब्द दिला होता की स्वतःचं मशीन असेल तर लग्नपत्रिका आणि थिसीसचं टायपिंग घरी पाठवू. तयार मशीन परवडणारं नव्हतं. मी दिल्लीला जाऊन सुटे भाग घेऊन आले आणि छाती पुढे काढून सांगितलं, जोडीन मीच. कोर्समध्ये एकदा, एकाच दुपारी, सरांनी जोडून दाखवलं होतं. तेवढ्या भांडवलावर ही ऐट!

बाबांनी अट घातली. "दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी माझी गाडी आहे. तोपर्यंत तुझं हे चालू झालं, तर तू अन् आई इथेच राहा. नाही झालं, तर तिघंही रायपूरला. मला एकट्याला तिथे काही जमणार नाही." शेवटचं वाक्य ते इतकं हळू बोलले की मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं तर त्यांना गॅससुद्धा पेटवता येत नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळी माझं काम निम्मं झालं होतं. आमचं घराणं दख्खनेतून शिपाईगिरी करत इकडे आलेलं, त्यामुळे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. हत्यार म्हणावं अशी एक तलवार उरली होती, ती म्यानातून अर्धीच बाहेर येई. तिच्या शेजारी बाबांचे शाईचे पेन आणि पट्ट्या, आईचं शिवणाचं मशीन, आणि त्या वर्षी माझा पत्र्याचा डबा. त्याचं झाकण उघडं होतं, आत मदरबोर्ड बसवलेला होता. मेमरीची पट्टी मात्र अजून चंदेरी पिशवीतच होती. हाताच्या विजेने ती खराब होते असं सरांनी बजावलं होतं, म्हणून ती मी सर्वांत शेवटी लावणार होते.

"झाकण लावते, मग करा पूजा," मी म्हटलं.

"देवाला झाकून कोणी पुजतं का?" आईने मला उडवून लावलं.

बाबांनी पत्र्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल कडेवर टेकवलं आणि आत वाकून पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहतच राहिले. हिरव्या पाटीवर केसाएवढ्या बारीक रेघा, शेकड्यांनी, वळणं घेत जाणाऱ्या आणि कुठेही एकमेकींना न शिवणाऱ्या. आयुष्य रेघा मारण्यात गेलेला माणूस तिथे खिळून राहिला.

"हे आखलं कोणी?"

"मशीनने, बाबा."

"मशीनला कोणी तरी सांगितलं असेल ना. काय हात असेल त्याचा!"

दोन दिवस मी त्या पाटीशी झटत होते, पण ती पाहिली नव्हती. त्या क्षणी पहिल्यांदा पाहिली, आणि माझ्याही अंगावर शहारा आला. तेवढ्यात बाबांनी चिमूटभर अक्षता टाकल्या आणि मी किंचाळले, "बाबा, आत मत डालो!" राग आला की मी हिंदीवर जायची. ओल्या कुंकवातले दाणे मी चिमट्याने वेचून काढले, फुंकर मारली, आणि दिवसभर घुश्शात राहिले.

दुपारी मेमरीची पट्टी पहिल्या खाचेत बसवली, कारण पुस्तिकेत पहिलीच म्हटलं होतं. एका बाजूचा खटका जरा सैल लागला. स्वस्तातला बोर्ड, असायचाच, असं म्हणून मी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. आईने हात जोडले. मग डब्यातून एक लांब, रडका आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पडदा काळाच. असा आवाज म्हणजे मेमरी सापडत नाही, असं पुस्तिका सांगत होती. मी पट्टी काढली, खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, परत लावली. तोच आवाज. रबर झिजलं, पण आवाज काही बदलला नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण आधी आमच्या वाटीतली खीर आणि मग तो डबा पाहून जाई. "बेटा, यह गाता अच्छा है," शेजारचे काका म्हणाले. मी त्यांना जी खीर दिली ती साखर न घातलेली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मी शहरातल्याच हजीरा भागातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने ती आपल्या मशीनमध्ये लावली आणि मशीन फटकन चालू झालं. "मैडम, रैम तो चकाचक है. आपका बोर्ड गया. दिल्ली वापस भेजो, पंद्रह-बीस दिन लगेंगे." माझ्याकडे दोन दिवस होते. घरी येऊन मी डब्यावर चादर टाकली. आईने तोवर गल्लीभर रायपूर जाहीर केलं होतं, आणि ट्रंकेत तीन ताटं, तीन वाट्या रचायला घेतल्या होत्या. मीही बसले रचायला. हात टेकले होते. छापखान्याच्या मालकांना काय सांगायचं, ह्या विचाराने डोळे भरून येत होते आणि रडायचाही राग येत होता. बाबा खुर्चीत बसून आमच्याकडे पाहत होते. त्यांनी खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला.

गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि शर्टाच्या खिशातून एक कागद काढला.

"हे बघ जरा."

चार घड्या घातलेला ट्रेसिंग पेपर होता. त्यावर माझा मदरबोर्ड होता, अख्खा. प्रोसेसरचा चौकोन, गोल गोल कंडेन्सर, स्क्रूची भोकं, शेजारी शेजारी मेमरीच्या दोन लांब खाचा, सगळं शाईत, मापात. मी चादर ओढून काढली आणि ताडून पाहिलं. एक स्क्रू इकडचा तिकडे नव्हता. पूजेच्या वेळी घडीभर वाकून जे पाहिलं तेवढ्यावर हे! आणि पहिल्या खाचेत, खालच्या टोकापाशी, लाल शाईचा एक ठिपका.

"इथे काय आहे?"

"दाणा. तू तीन वेचलेस. आत चार पडले होते."

मी कागदाकडे पाहिलं. त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या, कडा खिशात मळल्या होत्या. तो कागद आजचा नव्हता. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दसऱ्याला, हजीऱ्याहून मी रडवेली आले तेव्हा, तिसरं ताट मी ट्रंकेत ठेवलं तेव्हा, तो नकाशा त्यांच्या खिशात होता.

राग नाकापर्यंत आला. तो कुठे गेला ते मला आजही सांगता येत नाही. समोर बाबा खाली मान घालून उभे होते, शाळेत वही न आणलेल्या मुलासारखे. "पहिलेच सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. गप्प बसले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. बोर्ड दिल्लीला गेला असता, आम्ही रायपूरला, आणि त्यांचं घर त्यांच्याबरोबर. एवढं हातात असताना ते माझ्याकडे चालत आले होते. त्या मदरबोर्डपुढे मला जे वाटलं होतं, त्याहून खूप मोठं काही मला त्या माणसापुढे वाटलं. मी त्यांच्या पाया पडले नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. पण पडावंसं वाटलं.

वायर काढून, आईची क्रोशाची सुई मी ठिपका होता तिथे घातली. फुगलेला, गुलाबी, चिकट दाणा वर आला. पट्टी बसवली. दोन्ही खटके टक्क करून लागले. बटण दाबलं.

या वेळी एकच आवाज आला, छोटा, नीटस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि कोपऱ्यात आकडे पळू लागले, हजारांनी. ते मशीन जागं होऊन आपल्याजवळ किती मेमरी आहे ते स्वतःच मोजत होतं. अजून त्यात विंडोज टाकायचं होतं, बरंच काही करायचं होतं, पण आम्ही तिघं श्वास रोखून त्या आकड्यांकडे पाहत होतो. त्यानंतर मी शेकडो मशिनं चालू होताना पाहिली. तसं पुन्हा काही पाहिलं नाही.

"मोजून राहिलंय," बाबा कुजबुजले. त्यांचा चेहरा उजळला होता, अगदी खरोखर. आकडे थांबले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं असावं की उद्याच्या गाडीत ते एकटेच असणार. त्यांनी कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि तो माझ्या हातात दिला.

"चला, झालं चालू," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "मला जरा चहा करायला शिकव."

आईने पातेल्यात पाणी घेतलं, काडेपेटी बाबांच्या हातात दिली आणि त्यांना उभं राहता यावं म्हणून ओट्यापाशी थोडी बाजूला सरकली.