साडूंचं विमान

गॅरेजातल्या विमानाच्या पंखाला मी नको तिथे भोक पाडलं. साडू चहा आणायला आत गेले होते. भोकांच्या सरळ रांगेत एक जागा मोकळी दिसली, विमानाच्या सुट्या भागांचं किट पाठवणारे विसरले असतील असं वाटलं, आणि तेवढीच मदत म्हणून मी ड्रिल चालवलं. ते विसरले नव्हते.

मोटारीच्या गॅरेजात खरंखुरं, दोघांना घेऊन उडणारं ॲल्युमिनियमचं विमान बांधणारा माणूस हुबळी-धारवाडात माझ्या साडूंशिवाय दुसरा नसावा. असता तर अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्याच्या बायकोला धीर द्यायला केव्हाच जाऊन आली असती. मोटार बिचारी ऊनपावसात रस्त्यावर, आणि पंखाचे पत्रे अक्काच्या जुन्या इरकली लुगड्यांत गुंडाळून झोपलेले. जन्मभर गोकुळ रोडवर वर्कशॉप चालवलं, पण असे लाड साडूंनी एकाही गिऱ्हाइकाचे केले नाहीत. पत्रे जोडायची रिव्हेट मारायला दोघं लागतात: बाहेरून गन चालवणारा आणि आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणारा. साडू बाहेर, अक्का शेपटीच्या पोकळीत. सगळा संसार पत्र्याच्या अल्याडपल्याड चालतो. "धरलास गं?" "धरलाय की! कुकर बंद केलात का, ते सांगा आधी." रिव्हेट बसली की साडू डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवतात; जरा खुपली की काढून नवी. ही सवय इतकी मुरलीय, की एका लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. नवरीची आई जेवणं उरकेपर्यंत कावरीबावरी होती.

खरं तर त्यांना घाई हवी. अक्काला एकदा तिच्या माहेरावरून, अळणावरच्या जंगलावरून, स्वतः उडवत न्यायचं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. पण विमान चालवायचं तर दरवर्षी डॉक्टरी तपासणी पास व्हावी लागते, आणि साखर नि डोळे बघून डॉक्टर यंदाच म्हणाले होते, "आत्ता ठीक आहे. पुढच्या वेळचं सांगता येत नाही."

आणि त्यात माझं भोक. नवा पत्रा परदेशातून यायचा, म्हणजे महिनोन् महिने गेले. साडूंनी आधी चहाचा कप माझ्या हातात दिला, मग भोकावर बोट ठेवलं. "इरलि बिडो, तम्मा. जाऊ दे."

"अण्णा, बारीकसं ठिगळ लावू या ना! कुणाला दिसतंय?"

"ठिगळ चालतं रे. पण वर गेल्यावर ती शेजारी बसून खाली माहेर बघणार, आणि मी मेला ठिगळ बघत बसणार." आणि आपला कप खाली ठेवून ते पत्रा उतरवायला लागले.

नवा पत्रा अजून वाटेत आहे. तपासणी जवळ आलीय. तोवर दोघं शेपटीचं काम पुरं करताहेत. परवा न राहवून मी विचारलं, "अण्णा, आणि नाही पास झालात तर?"

गन पुसता पुसता ते म्हणाले, "मग दुसरा कुणी नेईल तिला. मी खालून बघेन. आवाजावरून ओळखू येईल मला."

मला एकदम भरून आलं. "दुसरा कशाला? मी शिकतो की विमान चालवायला! मी नेतो अक्काला!"

शेपटीच्या आत ठोकळा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"भावजी," आतून अक्का म्हणाली, "त्यापेक्षा मी बसनं जाते."