खांद्याने उघडणारी कडी

कॉलेजात बालविकास हा विषय मी घेतला, कारण रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलीने तोच घेतला होता. कुणाला विचारायचं, हे मला माहीत नव्हतं. नरडाण्याजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जळगावला निघाले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, बसच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "नापास व्हयनी तं कालेज बंद." ते रागाने बोलले नव्हते, म्हणूनच त्या शब्दांची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी मला मेहरूणच्या एका बालवाडीत पाठवलं. एक खोली, तीसेक मुलं आणि एक दार. तलाव जवळ म्हणून मोठ्या बाई दाराला आतून कडी लावत. पावसाने दार फुगलेलं होतं. कडी सरकवायला आधी दाराला खांदा देऊन ते दाबून धरावं लागे. मुलं पाढे म्हणत, पाटीवर बाईंनी काढलेलं अक्षर गिरवत. आमच्या पुस्तकात मात्र लिहिलं होतं की मुलाला हाताने करू द्यावं, काय करायचं ते त्यालाच निवडू द्यावं. माझ्या आग्रहावरून बाईंनी रोज पंधरा मिनिटं दिली. मी तुरीच्या शेंगा, सरकी, मणी आणि दोरा मांडून ठेवू लागले.

चार वर्षांची एक मुलगी यातल्या कशालाच हात लावत नसे. ती बसायचा पाट ओढत दाराशी नेई, त्यावर चढे आणि कडीशी झटे. पहिल्या दिवशी कडी हलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तेल लावायचं म्हणून स्वतःच्या केसांवरून बोटं फिरवली आणि कडीवर घासली. मी जवळ बसून वहीत टिपत होते.

"ताई, तुम्ही बालवाडी चालवता की सुतारकाम शिकवता?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, ती स्वतःहून..."

"स्वतःहून तळ्यात जाईल. मग तिच्या आईला तुमची वही दाखवू का?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी दाराशी जास्तच जवळ बसू लागले, एवढंच.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजकडून परीक्षक बाई आल्या आणि एका छोट्या खुर्चीत अवघडून बसल्या. मी मणी वाटले. थोड्या वेळाने पाट फरशीवरून घासल्याचा आवाज आला. मागे वळून न पाहताही मला कळलं. ती पाटावर चढली होती आणि पहिल्यांदाच तिने दाराला खांदा लावला होता. दार किंचित चौकटीत दबलं, कडी अर्धी सरकली.

"ताई, माले येस! माले येस!" जमतंय म्हणून ती ओरडली.

आणखी अर्धं मिनिट पुरलं असतं. मी दाराशी उभी राहिले असते तर ती बाहेर गेलीही नसती. पण मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं आणि मला बसच्या खिडकीशी उभे असलेले आबा दिसले. मी तिला उचललं, जागेवर आणून बसवलं आणि तिच्या हातात दोरा दिला. "हे कर," म्हटलं. ती रडली नाही. एकेक मणी ओवत राहिली.

मी पास झाले. शेऱ्यात लिहिलं होतं, 'वर्गावर नियंत्रण उत्तम.' आबांना पत्र टाकलं, पण हा शेरा त्यात लिहिला नाही. गावी त्यांनी तो कुणाला तरी कौतुकाने वाचून दाखवला असता.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई यायच्या आत मीच कडी लावली आणि पाट दाराशी नेऊन ठेवला. "ये," म्हटलं, "आज तू उघड. मी आहे इथे."

तिने पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तूच उघाड," म्हणाली.

मी दाराला खांदा लावला, तिच्यासारखाच, आणि कडी ओढली. दार उघडलं. ती तिच्या जागेवरच बसून राहिली, दोरा पुढे करून. मणीही आता मीच निवडून द्यायचे होते.